जगदाळ्यांच्या पोरीचा चुडा

“हाताला काय धाड भरली तुझ्या? काल तर धडधाकट होतीस. सरळ सांग की, मला जाऊ द्यायचं नाही म्हणून!”

मी बॅग खांद्याला अडकवून दारात उभा, आणि आई मोरीपाशी बसून उजव्या मनगटाला जुन्या ओढणीची पट्टी गुंडाळत होती. डाव्या हातानं आणि दातानं गाठ मारली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

“मुरगळलाय,” म्हणाली. “घागर उचलताना.”

“घागर मी भरलीय सकाळी.”

“मग दुसरं काहीतरी उचललं असंल. ओरडू नको, आरू उठंल.”

आरू म्हणजे माझी बहीण, तेव्हा पाच वर्षांची. ती कधीच उठलेली. गोधडीतनं एक डोळा बाहेर काढून आमचं भांडण बघत होती. आमच्या घरात भांडण म्हणजे तिला टीव्हीच.

“मला ते ठाऊक नाही,” मी म्हटलं. “नऊची गाडी आहे माझी. पप्पा स्टँडवर घ्यायला येणार आहेत.”

“जगदाळ्यांचा चुडा भर, मग जा.”

“मी?”

“मग कोण? माझा हात हा असा.”

मी तेव्हा सोळाचा. शाळा दहावीत सोडलेली. सोडलेली म्हणजे, वर्गात एकजण मला ‘ए कासारीण’ म्हणाला, मी त्याच्या तोंडावर कंपासपेटी हाणली, त्याचा दात पडला. हेडमास्तर म्हणाले, पालकांना घेऊन ये. मी पालकांना पण नेलं नाही आणि मलाही नेलं नाही. संपली शाळा.

जतच्या पेठेत आमचं दुकान आहे, कोकीळ बांगडी स्टोअर्स. लहान असताना गर्दीच्या दिवशी मी पण बसायचो, शाळेतल्या पोरींना बांगड्या भरायचो. तेव्हा काय वाटायचं नाही. मिसरूड फुटल्यावर वाटायला लागलं. बाईचा हात हातात घ्यायचा, दाबायचा, वळवायचा, आणि चारचौघी बसून खिदळणार. पप्पांनाही ते कधी आवडलं नाही. ते दोन वर्षांपूर्वी इचलकरंजीला गेले, सुधाकरकाकाच्या घरी राहून ट्रकच्या गॅरेजात कामाला लागले. आईला म्हणाले, दुकान मोड आणि चल. आई म्हणाली, “दुकान माझ्या हातावर चाललंय, तुमच्या नाही. तुम्ही जावा.” असलं भांडण झालं की शेजारचा सलूनवाला वस्तरा हातात धरून बघायला बाहेर आला, आतलं गिऱ्हाईक अर्धी दाढी घेऊन त्याच्या मागं. पप्पा गेले. दसऱ्या-दिवाळीला आले तर दोन दिवस, तेही पाहुण्यागत. आई एकदाही तिकडं गेली नाही. मी मनात पक्कं केलं होतं, हिनंच घालवलं त्यांना.

आणि आता पप्पांनी मला बोलावलं होतं. “ये गुरुवारी. मालकाशी बोललोय. दोन महिन्यांत गिअरबॉक्स खोलशील लेका.” गिअरबॉक्स! मी तीन दिवस झोपलो नव्हतो नीट. आणि ही म्हणते चुडा भर.

“मी भरणार नाही,” मी म्हटलं. “त्यांना सांग हात मोडलाय. दुसरा कासार बघा म्हणावं.”

आई पहिल्यांदा माझ्याकडं वळली. तिचे डोळे लाल होते, पण सकाळी दूध उतू जाऊन धूर झाला होता घरात. तिचा फोन वाजला, ती तो कानाला लावून अंगणात जी उभी राहिली ती राहिली, इकडं पातेलं करपून काळं. कोणाचा फोन म्हटलं तर म्हणाली, मालवाल्याचा.

“उद्या लग्न आहे पोरीचं,” ती म्हणाली. “आज चुडा. सांगून ठेवलेली कासारीण ऐन दिवशी नाही म्हणाली तर पोरीच्या कपाळाला काय लागतं ठाऊक आहे का? जन्मभर काय पण झालं तरी म्हणतील, हिच्या चुड्यालाच खोट होती. आणि त्या घरानं एकदा नाव टाकलं की आख्ख्या तालुक्यात आपल्याला कोण बोलवत नाही.”

“मग मोडक्या हातानं भर.”

तिनं पट्टीची गाठ दातानं परत आवळली. मग म्हणाली, “तू चुडा भरलास तर मी पण येते.”

“कुठं?”

“इचलकरंजीला. आजच. दोनच्या गाडीनं. आरूला घेऊन तिघंबी जाऊ.”

मी बॅग खाली ठेवली. आरू गोधडीतनं पूर्ण बाहेर आली.

“पप्पांकडं?” आरू म्हणाली.

“हो.”

“भांडायला का राहायला?” मी विचारलं.

“भांडायला नाही,” आई म्हणाली.

मी काय येडा होतो का सोडायला? दोन वर्षं जे माझ्यानं झालं नाही ते एका सकाळी होत होतं. मी म्हटलं, “फोन दे, पप्पांना सांगतो, दुपारनं येतो म्हणून. नाहीतर स्टँडवर उभे राहतील उगं.”

“सांगितलंय मी तिकडं,” ती म्हणाली. “थांबतील म्हणाले.”

---

जगदाळ्यांचं घर गावाबाहेर, विजापूर रस्त्याला. दारात मांडव, मांडवाला आंब्याचे डहाळे, आणि आत बायकाच बायका. टेम्पोतनं बांगड्यांच्या पेट्या मीच उतरवल्या, आईनं एकीलाही हात लावला नाही. मी म्हटलं, निदान डावा हात लाव, तर म्हणाली, नको, तोल जातो. आणि मांडवात आलीच नाही. बाहेर चिंचेपाशी एका दगडावर उन्हात बसली, आरूला मांडीपाशी घेऊन.

“वनिता, अगं आत ये की! तिथं काय बसलीस भिकाऱ्यागत?” पोरीची आजी, तिला सगळे आक्का म्हणतात, ती ओरडली. आक्काचा आवाज असा की मांडवातली चिमणी उडाली.

“असू दे आक्का. हाताला ऊन बरं वाटतंय.”

“आन् चुडा कोण भरणार? ऊन?”

“पोरगा भरंल. हर्षद. शिकलाय तो.”

सगळ्या बायकांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. मला वाटलं पेट्या तिथंच टाकाव्या आणि पळावं.

“हे?” एक बाई म्हणाली. “ह्याला तर अजून मिशी नाही.”

“मिशीनं बांगड्या भरतात व्हय गं?” दुसरी म्हणाली. झालं, हसल्या सगळ्या.

आक्कानं मला वरनं खालपर्यंत बघितलं. मग स्वतःच पुढ्यात येऊन बसली आणि हात माझ्या नाकासमोर धरला. “आधी माझ्या भर. माझा हात भरलास तर कुणाचाबी भरशील. जगदाळ्यात येऊन बावन्न वर्षं झाली, सालाबरोबर हात बी वाळलाय.”

हात म्हणजे बाभळीचं लाकूड. मी साबणाचं पाणी घेतलं, मोठ्या मापाची बांगडी काढली. दुसऱ्याच बांगडीला माझा अंगठा सरकला आणि टचकन आवाज झाला.

“फुटली,” मी म्हटलं.

आक्कानं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. “वाढली म्हणावं! फुटली म्हणत न्हाईत. कासाराचा ना तू?”

“अंगठा आधी आत दाब!” बाहेरनं आईचा आवाज आला. ती चिंचेपासनं उठून मांडवाच्या कडेपर्यंत आली होती, पण कनातीच्या बाहेरच. “बोटं एकत्र घे. बांगडी ढकलू नको, हात फिरव. बांगडी आपली आपण जाते.”

मी हात फिरवला. गेली. पुढची गेली. तिसरी गेली. आक्का म्हणाली, “हं. आईच्या हातागत नाही, पण आहे.” मग बांगड्यांना हात जोडून नमस्कार केला आणि उठली. त्यानंतर ओळ लागली. मामी, मावशी, जावा, नणंदा, शेजारणी. एक म्हणते घट्ट नको, एक म्हणते सैल नको, एक म्हणते, “हात जरा हळू धर रे, तुझ्या बायकोचा नाही.” दुसरी लगेच, “बायकोचा असता तर दातखीळ बसली असती त्याची.” आधी माझं डोकं तापत होतं, पण मग काय झालं कुणास ठाऊक, मी पण बोलायला लागलो. एका जाड मामीला म्हटलं, “तुमच्या मापाची बांगडी मागवायला ट्रकचं गॅरेज लागंल.” मांडव दणाणला. मामीनं पाठीत धपाटा घातला. मी आईकडं बघितलं, ती हसली का बघायला. ती बघत होती, पण हसली नव्हती.

कुणीतरी तिच्यासाठी चहा नेला. घेतला नाही. पाणी पण घेतलं नाही. उपास म्हणाली. “कसला गं उपास आज?” विचारलं तर म्हणाली, “आहे एक.” मग कुंकवाचा करंडा घेऊन नवरीची आई तिला लावायला निघाली, तर ही दोन पावलं मागं सरली. “माझं असू दे. आज हात भरतोय तो, त्याला लावा टिळा.” लावला मला. मला वाटलं, मला खूश करायचं चाललंय तिचं.

मग नवरी आली. प्रतीक्षा. हळदीच्या आधीची साधी पिवळी साडी, केस नुसते बांधलेले. नर्सिंग करत होती सांगलीला. दुसऱ्याच्या हातात सुया टोचणारी पोरगी, पण स्वतःचा हात माझ्या हातात दिला तर तो थंडगार आणि ताठ.

“सैल सोड,” मी म्हटलं. “सुई नाही टोचत.”

“आमच्याकडं पण आम्ही हेच सांगतो,” ती म्हणाली, “आणि मग टोचतोच.”

हसली, तसा हात सैल पडला. मी हिरव्या बांगड्या उचलल्या. मांडवात एकदम गप्प झालं. चुडा भरताना बोलत नाहीत असं काही नाही, पण गप्प झालं. एक, एक, एक. बाहेरनं आईचा आवाज, हळू, “घाई नको. श्वास सोड म्हणावं तिला. आता फिरव.” मी फिरवत होतो. “डाव्या हातात एक जास्त घाल. आपल्याकडनं.” घातली. एक पण वाढली नाही. दोन्ही हात कोपरापर्यंत हिरवे. प्रतीक्षानं हात हलवले, तर त्यांचा आवाज झाला, आणि तिची आई रडायला लागली, म्हणून सगळ्या रडायला लागल्या. मी खाली बघत पेटी आवरत होतो. खोटं कशाला बोलू, मला भारी वाटत होतं. गिअरबॉक्स नव्हता, पण भारी वाटत होतं.

मी मांडवाबाहेर बघितलं. आई तिथं उभ्या उभ्या डोळे मिटून होती. तिला पण रडायला आलंय वाटतं, मी म्हटलं मनात.

मला पानावर बसवलं. जिलेबी, मसालेभात. वाढणारी म्हणाली, “कासाराला दोन जास्त.” कनातीपलीकडनं आई म्हणाली, “अजून दोन वाढा त्याला. सकाळपासनं काही खाल्लं नाही. संध्याकाळी मिळंल, न मिळंल.” मी खाल्ल्या. सहा का आठ. पाक मनगटापर्यंत ओघळला. आई माझ्या तोंडाकडं एकटक बघत होती. मी तिला डोळा मारला.

---

परत जाताना टेम्पोत चढायचं होतं. आरू पेंगत होती. आईनं तिला उचललं, उजव्या हातानं, त्याच, पट्टीच्या. काखेत धरून अलगद वर घेतलं आणि फळीवर ठेवलं. तोंडावर एक सुरकुती नाही.

मी बघितलं. माझ्या नजरेतनं असलं सुटत नाही.

“हात बरा झाला वाटतं,” मी म्हटलं.

ती आरूच्या शेजारी चढून बसली.

“नाटक केलंस. सकाळपासनं नाटक. मला त्या बायकांच्यात बसवायचं होतं म्हणून! उद्या सगळ्या गावात होणार, कोकिळाचा पोरगा चुडा भरतो. म्हणजे मी कुठं जायला नको, जन्मभर तुझ्या दुकानात बसायचं. ह्याच्यासाठीच पप्पा गेले! असलंच करतीस तू!”

टेम्पोवाल्यानं आरशात बघितलं. आई म्हणाली, “स्टँडवर चल. सांगते.”

“यायचंय का नाही तिकडं? का ते पण नाटक?”

“यायचंय.”

दुकानाची किल्ली तिनं सलूनवाल्याकडं दिली. घरी जाऊन एक पिशवी भरली. स्टँडवर आलो तेव्हा गाडी लागलेली नव्हती. कँटीनच्या मागं एक सिमेंटचा बाक आहे, तिथं कोण बसत नाही, मुतारीचा वास येतो. ती तिथंच जाऊन बसली. आरूला बाजूला बसवलं. मग मनगटाची पट्टी सोडली. खाली काही नव्हतं. सूज नाही, काळं-निळं नाही, काही नाही. नुसत्या तिच्या बांगड्या, नागपंचमीला भरलेल्या, हिरव्या.

दोन्ही हात तिनं माझ्यापुढं धरले.

“काढ.”

“काय?”

“बांगड्या काढ. आज भरलास तसंच, उलटं. मला माझ्या हातानं उजव्या हातातल्या निघत नाहीत. एक पण फुटली नाही पाहिजे.”

“फुटली” म्हणाली ती. मी तिच्याकडं बघत राहिलो. कासारीण असं बोलत नाही.

“का काढायच्या?”

“तिथं गेलो की बाया धरतील मला. दगडावर हात ठेवून फोडतील. मला फोडून घ्यायच्या नाहीत. मंगळसूत्र काढू देत, ते त्यांच्या घरचं आहे. बांगड्या माझ्या आहेत. काढ, गाडी येईल.”

मी ऐकत होतो, पण ते आत जात नव्हतं. म्हणजे शब्द कळत होते. बाया का धरतील? कुठं?

“पप्पा स्टँडवर येणार आहेत,” मी म्हटलं.

आई म्हणाली, “पहाटे छातीत दुखलं त्यांच्या. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. सकाळचा फोन सुधाकरभावजींचा होता.”

आरू म्हणाली, “काय संपलं?”

कँटीनमध्ये कोणीतरी कपबश्या आपटत होतं. मला आठवतंय, मी विचारलं ते हे, “मग थांबतील म्हणालीस ते?”

“भावजींनाच सांगितलं. आम्ही येईपर्यंत उचलू नका. अग्नी पोरगा देईल. थांबलेत.”

“तुला सकाळपासनं ठाऊक होतं.”

“हो.”

“मी तिथं जिलेबी खाल्ली!”

“हो.”

“तू वाढायला सांगितलीस!”

“रात्रभर उभं राहायचं होतं तुला. उपाशी पडला असतास.”

“मला का सांगितलं नाहीस? का? का सांगितलं नाहीस?”

मी ओरडत होतो. स्टँडवरची माणसं वळून बघायला लागली. ती हात तसेच पुढं धरून बसली होती, आवाज चढवला नाही.

“ज्याला कळलं त्याला सुतक,” ती म्हणाली. “ज्याला कळलं नाही त्याला नाही. मला कळलं होतं. मी त्या पोरीच्या बांगडीला बोट लावणार नव्हते, मांडवात पाय ठेवणार नव्हते, ठेवला नाही. तुला सांगितलं असतं तर तुझे पण हात गेले असते. मग त्या पोरीचं काय? दुसरा कासार कुठनं आणायचा होता आज?”

“पोरीसाठी केलंस का दुकानासाठी?”

“दोन्हीसाठी.” मग म्हणाली, “आजपासनं मला कोण चुडा भरायला बोलवणार नाही, हर्षद. विधवेच्या हातनं कोण भरून घेतंय? दुकान राहायचं तर हात तुझाच लागणार. आणि एकदा जगदाळ्यांच्या पोरीला तू भरलास, की बाकीच्या तुला नाही म्हणणार नाहीत. म्हणून आजच.”

फोन आल्यापासनं पट्टी बांधेपर्यंत तिच्याकडं किती वेळ होता? दूध करपण्याएवढा. नवरा गेला म्हणून कळलं, आणि तेवढ्यात तिनं हे सगळं मांडलं. पट्टी, मी, मांडव, गाडी.

मी बाकामागं जाऊन ओकलो. गोड गोड सगळं वर आलं. एक कंडक्टर जाता जाता म्हणाला, “दुपारीच? एवढ्याशा वयात?” मी त्याच्या अंगावर गेलो असतो. तोवर तो पुढं गेला होता.

तोंड पुसून परत आलो तेव्हा तिचे हात अजून तसेच पुढं होते. मला त्या बांगड्या धरून बाकावर आपटाव्या वाटल्या. मनगटासकट. मी तिचा उजवा हात धरला. अंगठा आत दाबला. बोटं एकत्र घेतली. हात फिरवला. पहिली निघाली. दुसरी निघाली. आरू म्हणाली, “मला दे, मला दे,” तर आईनं मान डोलावली, म्हणून मी एकेक आरूच्या हातात घालत गेलो. तिला त्या दंडापर्यंत जायच्या आणि खाली घसरायच्या. एक पण फुटली नाही.

गाडीत आरू पूर्ण रस्ताभर हात हलवत बसली. आई खिडकीत. मी मागच्या सीटवर गेलो, एकटा.

---

काकाच्या घरात बाया तिला धरायला धावल्या, दगड ठेवलेलाच होता. तिनं मोकळे हात दाखवले. माझी एक चुलत आज्जी किंचाळली, “कुणी काढल्या गं? कुणी काढल्या?” आई म्हणाली, “माझ्या पोरानं.” मग सगळं घर माझ्याकडं बघायला लागलं. पुढचं मी सांगत नाही.

सुतकाचे दिवस झाले, आम्ही परत आलो. मी आईशी बोलत नव्हतो. जेवण वाढलं की जेवायचो, हाक मारली की उठायचो, बोलत नव्हतो. पेठेत बोलणं पसरलं होतं. नवरा मेलेला लपवला आणि नवरीला चुडा भरला. दुकान उघडलं तर गिऱ्हाईक रस्त्याच्या पलीकडनं जायचं. आई सकाळी शटर वर करायची, काचा पुसायची, बसायची.

एका दिवशी जीप येऊन दारात थांबली. आक्का उतरली. मागं प्रतीक्षाची आई. सलूनवाला बाहेर आला, किराणावाला बाहेर आला, आख्खी गल्ली बाहेर.

आई उठून उभी राहिली. आक्कानं तिच्याकडं बघितलं पण नाही. सरळ माझ्यासमोर आली.

“खरं सांग पोरा. आमच्या पोरीच्या हाताला हात लावलास तवा तुला ठाऊक होतं का न्हाई?”

मी आईकडं बघितलं. ती पाठमोरी होऊन काच पुसायला लागली होती. तीच काच, जी आत्ताच पुसली होती.

एक शब्द. ‘होतं’ म्हटलं असतं तर संपलं. शटर खाली, माल मोडीत, मी मोकळा, कुठंही. आणि तिला पण कळलं असतं, दिवसभर माणसाला असं येडं करून फिरवलं की काय होतं. माझ्या तोंडात आला होता तो शब्द. आक्का वाट बघत होती.

“नव्हतं!” मी ओरडलो. एवढ्या जोरात की जीपमधला ड्रायव्हर खाली उतरला. “नव्हतं ठाऊक! मला कोणी सांगितलं नव्हतं! माझा बाप तिकडं बर्फावर होता आणि मी तुमच्यात बसून जिलेबी खात होतो! तुमच्या मामीची चेष्टा करत होतो! विचारा तिला! मला ठाऊक असतं तर मी… मी हिचा…”

तिथंच पायरीवर बसलो आणि रडलो, बाप गेल्यानंतर पहिल्यांदा, गल्लीसमोर, नाक गळेपर्यंत.

आक्का गुडघे धरत माझ्याशेजारी बसली. मग प्रतीक्षाच्या आईला म्हणाली, “ऐकलंस? झालं मग. पोराला ठाऊक नव्हतं, पोरीला काय बी लागत न्हाई.” हे तिनं गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं. मग आईकडं वळली. “आन् तू? तू माणूस हाईस का कोण गं?”

आईनं फडकं खाली ठेवलं. “चहा टाकू?” म्हणाली.

आक्का तिच्याकडं बघत राहिली. शेवटी म्हणाली, “टाक.”

त्याला आता तीन वर्षं होऊन गेली. आई मालाला जाते, हिशेब बघते, आरूच्या शाळेत जाते, आणि बोलावणं आलं की पेटी भरून मला देते. मांडवाच्या बाहेर थांबते. अजून. मी तिच्याशी बोलतो आता, भांडतो पण, आरू म्हणते परत टीव्ही सुरू झाला.

पण एक विचारायचं राहिलंय. त्या दिवशी मी ऐकलं नसतं तर? बॅग उचलून नऊच्या गाडीत बसलो असतो तर? स्टँडवर मागनं पळत येऊन सांगितलं असतंस का मला? का तसंच जाऊ दिलं असतंस, खिडकीत बसून, हसत, एकट्याला?

आज विचारणार होतो. सकाळी चहाला बसलो तेव्हा तोंड उघडलं पण होतं. तेवढ्यात उमदीच्या लग्नघराची गाडी आली, पाहुणे घाई करतायत, नवरी हात मोकळे घेऊन बसलीय म्हणे. आईनं पेटी दारात आणून ठेवलीय. हॉर्न वाजतोय. मला निघायला पाहिजे.